गोळीनंतरचे पंधरा दिवस

प्रति,
मा. मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी,
जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश

साहेब,

(खुर्चीवर आज कोणी मॅडम असतील तर त्यांनी राग मानू नये. आमच्याकडे खुर्चीला ‘साहेब’च म्हणतात.)

आपल्या जिल्ह्यात गर्भपात किती होतात, हे आपल्या दप्तरातल्या रजिस्टरवरून कळायचं नाही. त्यातले बरेचसे घरात होतात. न्हाणीत, परसात, शेतातल्या खोपडीत. गोळी मेडिकलमधून येते, आणणारा बहुतेक वेळा नवरा असतो, आणि सासूला, शेजारणीला, आशाताईला कळू नये एवढीच त्या दिवशी त्या घराची धडपड असते. मी नोकरीभर नर्स होते, आता निवृत्त आहे. माहेर सौंसरकडचं, सासर पांढुर्ण्याचं, त्यामुळे दोन्हीकडच्या बाया अजून दार वाजवतात. गोळी घेण्याआधी सहसा कोणी येत नाही. येतात त्या सहाव्या-सातव्या दिवशी, पदर तोंडाशी धरून. “ताई, अजून जातेच आहे. असं राहते का?”

या पत्राचा विषय तो सहावा-सातवा दिवस आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पत्राचा उलटा अर्थ निघायला नको. मी गोळीच्या विरोधात नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही जोडी वेळेत आणि नीट घेतली, तर शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त जणींचं काम कुठलंही हत्यार न लावता होतं. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ साली परवानगी मिळाली, आणि एक मोठी गोळी व चार लहान अशा पाच गोळ्यांच्या एकत्र पाकिटाला २००८ मध्ये, नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी. त्याआधी काय काय चालायचं, ते जुन्या नर्सेसना विचारा. काड्या, मुळ्या, कोणाकोणाचे काढे, आणि शेवटी धनुर्वात नाही तर सडलेली पिशवी. ते दिवस या गोळीनं मागे टाकले. तिचे उपकार मानावेत असंच ते औषध आहे.

आणि ते आता अपवाद राहिलेलं नाही. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. ज्या सहा राज्यांतल्या पाहणीवर हा अंदाज उभा आहे, त्यांत आपलं मध्य प्रदेश होतं. देशातल्या त्या गर्भपातांपैकी ८१ टक्के गोळ्यांनी झाले, आणि एकूण ७३ टक्के गोळ्यांनी, पण दवाखान्याच्या बाहेर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही गर्भपात केलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त, २७ टक्के बायांनी तो घरी, स्वतःच केल्याचं सांगितलं. सांगितलं एवढ्यांनी. न सांगणाऱ्या कुठल्या पाहणीत येणार?

तर गोळी पोचली आहे. गोळीमागे उभं राहणारं माणूस पोचलेलं नाही.

ते पाकीट एकदा मागवून हातात घेऊन बघा, साहेब. वर चौकटीत बारीक इंग्रजीत सूचना आहे, की हे औषध गर्भपात कायद्यात सांगितलेल्या ठिकाणी, जाणत्याच्या देखरेखीखालीच वापरावं. आत घडी घातलेला कागद असतो, तोही इंग्रजी, अक्षर इतकं बारीक की मला चष्म्यावर भिंग धरावं लागतं. नांदनवाडीकडच्या खेड्यातली बाई तो कागद चुलीत घालते, कारण घरात सापडला तर आणखी पंचाईत. उरतं काय, तर काउंटरवर तोंडी सांगितलेलं. “आज ही मोठी द्या, परवा ह्या चार.” तेही तिला नाही, तिच्या नवऱ्याला सांगितलेलं. तो बिचारा मागे गिऱ्हाईक उभं असताना मान खाली घालून ऐकतो, अर्धं ऐकतो, आणि घरी येऊन त्यातलं अर्धं सांगतो. पूर्ण वाक्य असं कोणाच्याच कानावर पडत नाही.

त्यातून ज्या गमती होतात, त्यांना गमती म्हणवत नाही. मोठी आणि चार लहान अशा पाचही गोळ्या एकदम पाण्यासोबत. किंवा मोठी गोळी घेतली, थोडं डाग दिसलं, ‘झालं’ म्हणून बाकीच्या फेकल्या. किंवा पाकीट महाग पडलं म्हणून कात्रीनं कापून दिलेल्या सुट्या चार गोळ्या. मिसोप्रोस्टॉलला दमट हवा आणि उष्णता सोसत नाही. कंपनीनं ती ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात उगाच बंद केलेली नसते. पापुद्रा फाटला, त्यात आमच्याकडचा मे महिना, वर टिनाचं छत, की ती गोळी नावापुरती उरते. मग बाई म्हणते, मला गोळी लागूच पडत नाही, आणि दुसऱ्या दुकानातून दुसरं पाकीट आणते. मध्ये तीन आठवडे गेलेले असतात आणि नऊ आठवड्यांची हद्द मागे पडलेली असते.

हे पंधरा दिवस खरं तर कसे जायला हवेत, ते मी एकेका बाईला जसं सांगते तसंच इथे लिहिते. आपण डॉक्टर आहात, आपल्याला हे पाठ आहे. पण खुल्या पत्राला दुसरेही वाचणारे असतात.

पहिल्या दिवशी डॉक्टर किंवा नर्स शेवटच्या पाळीची तारीख विचारते, पोट तपासते, रक्त तपासते. मोठी गोळी घेतली की बहुतेकींना विशेष काही होत नाही, थोडी मळमळ. दीड-दोन दिवसांनी चार लहान गोळ्या. त्या पाण्यासोबत गिळायच्या नाहीत, जिभेखाली, गालात किंवा अंगाखालून, डॉक्टर सांगेल तशा ठेवायच्या. नंतर काही तासांतच पोटात कळा येऊन रक्तस्राव सुरू होतो. पाळीपेक्षा जास्त, गाठी पडतात. थंडी वाजते, अंग तापतं, जुलाब होतात. हे त्या दिवसापुरतं औषधाचंच काम. दुखण्याला आयब्युप्रोफेन घेतली तर चालते, सोसत बसण्यात काही पुण्य नाही. मग स्राव कमी होत जातो. आठ ते तेरा दिवस चालतो, काहींना पुढची पाळी येईपर्यंत थेंब-थेंब डाग लागतात. म्हणजे माझ्या दारात सहाव्या दिवशी येणाऱ्या दहाजणींपैकी बहुतेकींना मला एवढंच सांगायचं असतं, की बाई, होय, असंच राहते. चहा घे, जेव नीट, घरी जा.

उरलेल्यांना मात्र बसवून ठेवून चालत नाही. तासाला दोन जाड पॅड भिजून जाताहेत आणि हे सलग दोन तास चाललं आहे, तर थांबायचं नाही, १०८ बोलवायची. आमच्या बाया पॅड नाही, कापड वापरतात. मग मी घड्या मोजायला सांगते. गोळ्यांच्या दुसऱ्या दिवसानंतरही ताप उतरत नाही, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो, पोट दाबवत नाही, तर पिशवीत जंतू शिरलेत. आणि जिला चार गोळ्या घेऊन चोवीस तास झाले तरी काहीच गेलं नाही, तिनं सगळ्यात आधी धावायचं. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो, आणि गोळी तिथे काही करत नाही. एका बाजूला भाला मारल्यासारखं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, खांदा दुखतो. नळी फुटली की तासांचा खेळ असतो. अशी बाई पांढुर्ण्याहून निघाली की घरचे नागपूरचाच रस्ता धरतात, कारण आमचं सगळं आजारपण पूर्वापार नागपूरलाच जातं. १९५६ मध्ये राज्यांच्या हद्दी पडल्या, त्या नकाशावर. ॲम्ब्युलन्समध्ये बसलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत. मात्र त्या रस्त्यानं गेलेली बाई आपल्या जिल्ह्याच्या हिशोबातून निघून जाते, आणि परत आल्यावर तिला पंधराव्या दिवशी बघायचं कोणी, हे दोन्ही राज्यांत कोणाच्याच वहीत नसतं.

आता एक थोडं कडू. सहाव्या दिवशी घाबरलेल्या बाईला सोनोग्राफीला पाठवतात. आत चार गाठी दिसतात, दिसणारच. रिपोर्टवर ‘अपूर्ण’ असा शब्द येतो आणि लगेच क्युरेटिंग. पिशवी धुऊन घ्या, नाही तर कॅन्सर होईल, असं सांगितलेल्या बाया मला भेटल्या आहेत. कुठे सांगितलं, ते विचारू नका. एखाद्या गावाची किंवा पाटीची ही गोष्ट नाही. बाईची तब्येत ठीक असेल, ताप नसेल, स्राव कमी होत असेल, तर थांबायचं असतं; फार तर मिसोप्रोस्टॉलची आणखी एक मात्रा. धुवायचीच वेळ आली तर हातानं ओढायच्या व्हॅक्यूमच्या पिचकारीनं करावं, धारेच्या क्युरेटनं खरवडू नये, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे. पण पिचकारीला हात सरावलेला लागतो आणि क्युरेटिंगला पैसे लागतात. ज्या बाईनं गोळीवर काही शे रुपये खर्चून काम भागेल असं गणित मांडलेलं असतं, तिला संत्र्याच्या बागेची आगाऊ रक्कम उचलून क्युरेटिंगचं बिल भरावं लागतं.

आणि रक्त. पाचव्या पाहणीप्रमाणे मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे. निम्म्याहून जास्त! हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर गोळ्या देऊ नयेत, असं सरकारचीच मार्गदर्शिका सांगते. मेडिकलच्या काउंटरवर बोट टोचून कोण बघतं? त्यात आमचा हा पट्टा सिकलसेलचा. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, कार्डं वाटली गेली. ते कार्ड पेटीत ठेवून बाई गोळी घेते, कारण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. आठ-दहा दिवस रक्त जात असताना ती कापूस वेचायला जाते. न गेली तर घरी कारण सांगावं लागेल. बाळंतिणीला आपल्याकडे सव्वा महिना खाट, शेकशेगडी, डिंकाचे लाडू. हिचं दुखणं चोरीचं, म्हणून हिला दुपारची भाकरीही बांधावरच.

कोण असतात या? मला विचाराल तर सिनेमातल्या भोळ्या पोरी फार थोड्या. असतात, बोरगावच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या, कॉलेजला जाणाऱ्या, आणि त्यांची भीती सगळ्यात मोठी असते. पण बहुतेक जणी लग्नाच्या, पदरात दोन लेकरं असलेल्या. एकीची ऑपरेशनची तारीख हिवाळ्यातल्या शिबिरावर ढकललेली असते आणि दिवस श्रावणातच गेलेले असतात. एकीचा नवरा निरोधचं पाकीट ‘संपलं’ म्हणून सांगतो. आणि एक मोठा गट असा, की लेकरू अंगावर पीत आहे, बाळंतपणानंतर पाळीच आलेली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत, या भरवशावर बसलेला. या बायांना महिना चुकल्याचं कळणार कसं, महिना सुरूच झालेला नसतो! पोट दिसायला लागतं तेव्हा कळतं, आणि मग नवरा जाऊन तीच नऊ आठवड्यांची गोळी आणतो. आशाताईच्या पिशवीत निश्चय किट असतं, लघवीच्या दोन थेंबांचं काम. लेकराच्या लसीच्या दिवशी आईलाही एकदा विचारलं, ‘तुझी तपासणी करू का’, तर यातल्या कितीतरी वेळेत सापडतील.

कायदा या बायांच्या बाजूनं आहे, हे मी त्यांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. १९७१ चा कायदा, २०२१ ची दुरुस्ती. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक प्रसंगी चोवीसपर्यंत दोघांचं. कुटुंबनियोजनाचं साधन फसलं या कारणापुढे पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असं लिहिलेलं होतं, तिथे आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बिनलग्नाच्या बाईलाही लग्नाच्या बाईइतकाच हक्क दिला. अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीची सही पुरते. फॉर्म ‘सी’ वर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. आणि तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इतकं सगळं छापलेलं असूनही ‘नवऱ्याला घेऊन या’ हे वाक्य बाईला ऐकावं लागतं. सरकारी दारात हे वाक्य एकदा ऐकलं की ती पुन्हा त्या दारात येत नाही. मेडिकलवाला नवऱ्याची सही मागत नाही, हाच त्याचा मोठेपणा.

अठरा वर्षांखालच्या मुलींचं प्रकरण नाजूक आहे. तिथे पालकांची संमती लागते आणि पॉक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं. पण त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं आहे, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. ही एक ओळ आपल्या प्रत्येक मेडिकल ऑफिसरला तोंडपाठ हवी. ती माहीत नसल्यामुळे डॉक्टर केस हातात घेत नाहीत, आणि घरचे पोरीला घेऊन रातोरात कुठे नेतात, ते आपणही जाणता.

या भागात ही गोष्ट नवीन नाही. सुरतेतल्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, त्यावरून गावोगावच्या पेपरांनी बायांच्या नावानं बोटं मोडली, तेव्हा १८८२ मध्ये आमच्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. त्याआधी पुण्यात फुले दांपत्यानं अशाच अडलेल्या बायांसाठी घर उघडलं होतं. ताराबाईंचा राग ज्या पुरुषावर होता, तो पळून गेलेला होता. आमचा नवरा निदान मेडिकलपर्यंत जातो, एवढा फरक पडला. त्याला दोष देण्यापेक्षा मी त्याला कामाला लावीन. काउंटरवर माहिती त्याच्या कानावर पडते आहे, तर ती पूर्ण पडू द्या.

साहेब, आता आपल्या खात्याच्या एका सवयीबद्दल. काही वाईट घडलं की पहिला हुकूम निघतो, छापे मारा. २०२५ मध्ये परासियाच्या लेकरांचा कफ सिरपनं जीव घेतला, नागपूरच्या दवाखान्यांत ती लेकरं गेली, त्याचं दुःख आमच्या घरोघरी आहे. औषधांच्या दुकानांवर नजर हवीच, त्यात दुमत नाही. पण त्या झाडूनं ही गोळीही झाडली जाऊ नये. महाराष्ट्रात ते होऊन गेलं आहे. परळी, म्हैसाळ अशी प्रकरणं झाली, मुलीच्या गर्भाच्या कत्तलीवर लोक संतापले, आणि त्या संतापाचा फटका गोळीला बसला. गोळी चालते नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीवर मुलगा-मुलगी कळते त्याच्या बरंच पुढे. दोन गोष्टींचा मेळच बसत नाही. तरी कटकट नको म्हणून दुकानदारांनी पाकिटं ठेवणंच सोडलं. आपल्याकडेही तीच गत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा राज्यांच्या पाहणीत आसामात सत्तर टक्क्यांच्या आसपास दुकानांत हे पाकीट सापडलं, मध्य प्रदेशात ६.५ टक्के. न ठेवण्याचं कारण बहुतेकांनी एकच सांगितलं, कायद्याची भानगड. म्हणजे चांगला दुकानदार, जो चिठ्ठी मागतो, बिल फाडतो, तो बाजूला झाला, आणि उरला तो, जो पाकीट खालच्या खणात ठेवतो आणि कात्री चालवतो. छाप्यानं गिऱ्हाईक कमी झालं नाही.

पांढुर्ण्यात राहून आपल्याला हे समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळस रोवला जातो आणि सावरगाव-पांढुर्ण्याची गोटमार सुरू होते. मुळाशी कथा सांगतात तीही एका पळून निघालेल्या पोरा-पोरीची. प्रशासनानं बंदी घालून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले आणि दगड उचलले. मग प्रशासन काय करतं? दरसाल आधीपासून ठिकठिकाणी डॉक्टर बसवतं, पट्ट्या-टाक्यांची तयारी ठेवतं, ॲम्ब्युलन्स उभ्या करतं. दगड मारा असं कोणी सांगत नाही, पण डोकी फुटणार हे धरून चालतात, आणि फुटलेलं डोकं घेऊन आलेल्याला ‘तू गेलासच कशाला’ असं तिथे कोणी विचारत नाही. गोळीचं नुकसान त्याहून कितीतरी कमी, आणि टाळता येण्यासारखं. तिला एवढीही तयारी मिळू नये?

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ च्या मार्गदर्शिकेत मान्य केलं, की नीट माहिती, चांगली गोळी आणि गरज पडली तर गाठता येईल असं दवाखान्याचं माणूस, एवढ्या तीन गोष्टी असल्या तर बाई सुरुवातीच्या बारा आठवड्यांत हे स्वतः सांभाळू शकते. आपला कायदा तिथवर गेलेला नाही, आणि मी कायदा मोडायला सांगत नाही. पण आहे त्या कायद्यात जागा भरपूर आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या देण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञच हवा असं नाही. साध्या एमबीबीएस डॉक्टरनं मान्य ठिकाणी देखरेखीखाली दहा केसेस केल्या, तरी तो पात्र ठरतो. तो आपल्या दवाखान्यात बसून गोळी लिहून देऊ शकतो, फक्त मागे एखाद्या मंजूर केंद्राचा आधार हवा. आणि खासगी केंद्रांना मंजुरी देणारी जिल्हा समिती आपल्याच अध्यक्षतेखाली बसते. छिंदवाड्याला मेडिकल कॉलेज उघडलं, तिथे आपले डॉक्टर पाळीपाळीनं पाठवले तर दहा केसेस व्हायला किती दिवस लागतात?

हा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. छिंदवाड्याचं शेपूट म्हणून जे पंचावन्न कामांत राहून जायचं, त्यासाठीच तर वेगळा जिल्हा मागितला होता. म्हणून मागते. सौंसरला आणि पांढुर्ण्याला सरकारी दवाखान्यात ही सेवा कुठल्या वारी, कुठल्या खोलीत मिळते, त्याचा बोर्ड बाहेर लागावा. त्यावर ‘फुकट’ आणि ‘नवऱ्याची सही लागत नाही’ हे दोन शब्दप्रयोग मोठ्या अक्षरांत. हिंदीखाली मराठीतही, गावात निवडणुकीचे बोर्ड दोन्ही भाषांत लागतात, दवाखान्याचेही लागू शकतात. औषधि निरीक्षकांना सांगा, चिठ्ठीवर पाकीट देणाऱ्या दुकानदाराला धाक दाखवू नका, आणि त्याच्याकडे एक छापील चिटोरं द्या, पाकिटासोबत नवऱ्याच्या खिशात जाईल एवढं. दोन तास, चार पॅड. दुसऱ्या दिवसानंतरही ताप. चोवीस तास, काहीच नाही. पंधराव्या दिवशी तपासणी. बास. त्यावर एका नर्सचा फोन नंबर, जी मराठीत बोलेल आणि नाव विचारणार नाही.

पंधराव्या दिवशी बाई आली, तर तिला प्रवचन न देता पुढचं विचारा. लघवीची तपासणी त्या दिवशी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, चार आठवडे येते. त्यावरून घाबरवू नका. मात्र गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतच पुन्हा बीज सुटू शकतं, हे कोणालाच माहीत नसतं. तीच बाई दोन महिन्यांनी पुन्हा त्याच काउंटरवर येते, आणि दुकानदार म्हणतो, हिला सवयच लागली. माला-एन असो, अंतरा इंजेक्शन असो, ते तिसऱ्या दिवशी, लहान गोळ्यांच्या वेळीच सुरू करता येतं. कॉपर-टी पंधराव्या दिवशी, पिशवी साफ झाल्याची खात्री झाली की. छाया गोळी अंगावर पाजणारीलाही चालते. हे सगळं आपल्या गोदामात फुकट पडलेलं असतं.

सुरुवात करायला बजेट लागत नाही. आशांची महिन्याची बैठक होते, तिथे लोहगोळ्या किती, गरोदर माता किती, लसी किती, असे आकडे विचारले जातात. येत्या बैठकीत एक प्रश्न जास्त विचारा, गोळी घेतल्यावर मागच्या महिन्यात तुमच्याकडे किती जणी आल्या. विचारताना दार लावून घ्या, ब्लॉक मेडिकल ऑफिसरला बाहेर बसवा आणि नावं लिहून घेऊ नका. पहिल्या खेपेला सगळ्या ‘एकही नाही’ म्हणतील. दुसऱ्या महिन्यात पुन्हा विचारा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त नर्स, सौंसर-पांढुर्णा